बाबांचं विसरणं आणि माझं

बाबांनी पेरलेली सरकी उकरून काढली, त्या दिवशी मी माहेरी होते. आमचं गाव नांदुऱ्यापासून दोन थांब्यांवर. मी सोनाळ्याला राहायचे, त्याच्या पुढे एका उपकेंद्रात नर्स होते, आणि रजा मिळाली की जळगाव जामोदला बस बदलून माहेरी जायचे. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, तीन दिवसांपूर्वी सहा बाया लावून नदीकडच्या वावरात कपाशी टोबून, म्हणजे सरकी हाताने मातीत खोचून, घेतली होती. दुपारी बाबा वावरातून आले. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले, बंडीचे दोन्ही खिसे फुगलेले.

"बायाइनं फसवलं आपल्याले," ते म्हणाले. "तासं रिकामेच आहेत. मी सरकी घेऊन आलो, उद्या पुन्हा टोबू."

आणि त्यांनी खिशातून मूठभर सरकी काढून माझ्यासमोर धरली. बीटीची, रंग लावलेली. तिला माती चिकटली होती. काही दाण्यांना बारीक पांढरा कोंब फुटायला लागला होता. दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, त्यांनी स्वतः खुरप्याने उकरली होती, सरकी खिशात भरली होती, आणि रिकामी तासं पाहून बायांवर चिडून घरी आले होते.

मी आधी त्यांचे हात धुतले. त्या सरकीला औषध लावलेलं असतं, हे मला माहीत होतं. साबण लावून बोटांच्या बेचक्यांतून चोळलं, आणि बाबांनी हात माझ्या हातात निमूट सोडून दिले. उकरलेल्या वावरापेक्षा त्या निमूटपणाची मला जास्त भीती वाटली. हात दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस नव्हता तो.

बियाण्याच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा असायचा. बीटी येण्याआधी ते घरचीच सरकी ठेवायचे, शेण आणि राखेत घोळून, सावलीत वाळवून. कोणत्या वावरात कोणत्या साली काय होतं, ते लिहून न ठेवता सांगायचे. बीटी आली तेव्हा त्यांनी कुरकुर केली नाही. दरवर्षी नवं पाकीट आणायचं, एवढं त्यांनी समजून घेतलं. त्या पाकिटात आणखी एक छोटी पुडी यायची, साध्या सरकीची, वावराच्या कडेने लावायची म्हणून. गावात बहुतेकांनी ती फेकून दिली. बाबांनी दादाला ती लावायलाच लावली. "देल्ली तं कायले देल्ली असन? काही तं कारण असन ना," म्हणायचे.

असा माणूस स्वतः टोबून घेतलेलं विसरला, तेव्हा गावाने कारण शोधलं: फवारणी. बीटीने बोंडअळी कमी झाली होती, पण मावा-तुडतुड्यासाठी पंप पाठीवरून उतरत नव्हता. "औषध डोक्यात गेलं म्हाताऱ्याच्या," लोक म्हणायचे. दादाला हे कारण आवडलं होतं. पंपाला दोष दिला की घराला दोष लागत नव्हता.

मला मात्र आत्या आठवत होती. बाबांची मोठी बहीण, जळगाव जामोदला दिलेली. म्हातारपणी ती मुलांची नावं विसरली, मग सुनेला पाहुणी समजायला लागली, मग सकाळी उठून पिशवीत लुगडं भरून माहेराच्या रस्त्याला लागायची. दोनदा तिला पूर्णेच्या पुलावरून परत आणलं. तिने जन्मात पंपाला हात लावला नव्हता. तेव्हा आम्ही म्हातारचळ म्हटलं आणि विषय संपला. पण बाबांनी उकरलेली सरकी पाहिली आणि आत्याची ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली.

आम्ही बाबांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, बाबांना घड्याळ काढायला लावलं. बाबांनी गोल काढला आणि बाराही आकडे एका बाजूला गर्दी करून बसवले. बाकी सगळं रक्तात ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. हळूहळू वाढेल. थोपवायचं औषध नाही, वेग थोडा कमी वाटेल असं आहे. बहिणीलाही होतं का, असं त्यांनीच विचारलं. आम्ही हो म्हटल्यावर मान हलवून म्हणाले, यात काही भाग घराण्यातून येतो, जीनमधून.

बाहेर टपरीवर चहा घेताना दादाने दोनदा कपात फुंकर मारली. मग म्हणाला, "जीनचा काय संबंध वं? बाबा तं जीनमधी एक दिवस कामाले गेले नाईत."

नांदुऱ्याकडे जीन म्हणजे कापसाचा कारखाना, जिथे सरकी आणि रुई वेगळी करतात. त्याला वाटलं, रुईच्या धुळीने होतं असं डॉक्टर म्हणताहेत. मला हसू आलं, त्या परिस्थितीतही. मी म्हटलं, "ती जीन नाही रे. बीटीच्या सरकीत जे टाकलं म्हणतात ना, ते. आईबापाकडून येते ते."

दादाने कप खाली ठेवला. "म्हंजे बियाण्यातच आहे म्हन."

बाबा बाकावर बसून बिस्किट चहात बुडवत होते, आणि ते तुटून पडायच्या आत बरोबर उचलत होते.

हे सगळं झालं तेव्हा बाबांनी सत्तरी ओलांडली होती. मी सत्तेचाळीसची होते. पुढच्या वर्षी माझं स्वतःचं विसरणं सुरू झालं.

आधी साध्या गोष्टी. दप्तरात काय लिहायला बसले ते आठवायचं नाही. बस सोनाळ्याला थांबली तरी मी बसूनच. ओळखीच्या बाईचं नाव ओठांवर येऊन परत फिरायचं. अंगातही काही राहिलं नव्हतं. दोन घरं फिरले की धाप लागायची, पायांना मुंग्या यायच्या, तिखट खाल्लं की जीभ जळायची. पण हे सगळं मी वयावर आणि कामावर ढकललं. धाप आणि मुंग्यांची मला भीती नव्हती. भीती फक्त डोक्याची होती.

मग एका लसीकरणाच्या दिवशी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, अंगणवाडीच्या ओट्यावर, मी एका नऊ महिन्यांच्या पोरीला गोवराची सुई दिली. ती रडली. मी वळले, नवी सिरिंज फोडली, लस ओढून घेतली आणि पुन्हा त्याच पोरीचा दंड धरला.

तिची आई म्हणाली, "सिस्टर, देल्ली ना आत्ताच. हे पाहा, रगत आहे अजून."

दंडावर रक्ताचा लाल ठिपका होता. मी दिलेल्या सुईचा. आणि मला ती सुई दिल्याचं काडीचंही आठवत नव्हतं.

"हाव, हाव. तेच पाहून राह्यली होती," मी म्हटलं. खोटं बोलले. हातातली सिरिंज बाजूला ठेवली आणि पुढचं बाळ मागितलं. तिथून पुढे प्रत्येक सुईनंतर मी सोबतच्या आशाताईला मोठ्याने "झालं" म्हणायला लावलं. तिला सांगितलं, नवीन पद्धत आहे. दप्तरात, पर्समध्ये, पदराच्या टोकाला चिठ्ठ्या असायच्या. आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, मी काही सांगितलं नाही. ते शाळेत शिकवायचे, स्वभावाने सरळ. मी म्हटलं थकले आहे, त्यांनी मानलं की थकली आहे.

मनात मात्र हिशेब पक्का झाला होता. आत्या, बाबा, मग मी. मी तर त्यांच्याहूनही लवकर. एकटी असताना मी सगळ्या मामेबहिणी-चुलतभावांची नावं पाठ म्हणायचे, शाळेतले पाढे म्हणायचे. सतराच्या पाढ्यात अडखळले की घाम फुटायचा. मग आठवायचं की सतराचा पाढा मला शाळेतही येत नव्हता.

माझी मुलगी तेव्हा बुलढाण्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. तिची वही झटकून ठेवताना मधलं पान उघडलं. पानावर चौकोन आणि गोल काढून रेघांनी जोडले होते. वरचा चौकोन अर्धा काळा, शेजारी प्रश्नचिन्ह. त्याच्या खाली एक गोल पूर्ण काळा, एक चौकोन पूर्ण काळा. काळ्या चौकोनाखाली एक कोरा चौकोन आणि एक गोल. तो गोल पेन्सिलने भरला होता, मग खोडला होता, मग पुन्हा हलकेच भरला होता. त्याच्या खाली आणखी एक छोटा गोल, कोरा.

मी शाळा शिकले होते, नर्सिंग शिकले होते. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळं म्हणजे आजार, हे समजायला मला कोणी सांगावं लागलं नाही.

ती अंगणात केस वाळवत होती. मी वही घेऊन बाहेर गेले. "हे काय आहे?"

"प्रॅक्टिकलचं."

"प्रॅक्टिकलमध्ये माझी आत्या कशी आली?"

तिने पंचा दोरीवर टाकला. मग म्हणाली, "आई, तू काल मला तीनदा विचारलंस, सुट्टी किती दिवस आहे म्हणून. परवा चहात दोनदा साखर टाकलीस. मी काही बोलले नाही."

"म्हणून मला काळं केलंस?"

"खोडलं होतं," ती म्हणाली. "पुन्हा केलं. काय करू? माझ्या वाट्याला काय येतं, ते पाहत होते मी."

तिच्या ओल्या केसांवर मी हात ठेवला. इतके महिने मी फक्त स्वतःसाठी घाबरत होते, हे तेव्हा मला कळलं.

"डॉक्टरकडे चल," ती म्हणाली.

"कळून काय करू? औषध आहे का त्यावर? बाबांना दिलं तेच मला देतील."

"पण कळलं तर पाहिजे ना!"

"मला नाही पाहिजे." मी आत निघून गेले. दोन दिवस आमच्यात जेवण-पाणी सोडून बोलणं नव्हतं.

ते वर्ष वाईट होतं. पावसाने मधेच तोंड फिरवलं होतं, उभी कपाशी पानं लाल होऊन झडत होती, आणि उपकेंद्रात रोज दोन-तीन माणसं यायची, ज्यांना दुखत असं काही नसायचं. झोप येत नाही, छातीत जळजळ होते, अन्न गोड लागत नाही. मी त्यांना बसवायचे, ऐकून घ्यायचे, अॅसिडिटीच्या गोळ्या द्यायचे. तीच गोळी मी स्वतः गेली सात-आठ वर्षं रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी माझा डबा घेऊन उपकेंद्रावर आली आणि तिच्या मागोमाग एक मोटारसायकल आली. दोन माणसांच्या मधे तिसरा, मान टाकलेला. वावरात फवारत होता, वाऱ्याने औषध अंगावर आलं, तसाच फवारत राहिला, मग उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या.

मी त्याचे कपडे उतरवायला लावले. साबण, पाणी, अंग धुवा, डोकं धुवा, नखांत धुवा. कुशीवर झोपवला, तोंड साफ केलं. एकाला म्हटलं, "ज्या डब्यातलं औषध होतं तो डबा घेऊन ये, जसाच्या तसा." दुसऱ्याला गाडीसाठी पाठवलं. मोठ्या दवाखान्याला फोन लावला, कितीला फवारणी सुरू केली, कितीला उलटी झाली, नाडी किती, सगळं सांगितलं. गाडी आली तेव्हा डबा, चिठ्ठी आणि माणूस सगळं तयार होतं. मी त्याच्याबरोबर गाडीत बसले आणि संध्याकाळी परतले. तो वाचला. आठवड्याने चालत येऊन भेटून गेला.

परतले तेव्हा मुलगी उपकेंद्राच्या पायरीवरच बसली होती. डबा तसाच भरलेला.

"आई," ती म्हणाली, "तू एकही गोष्ट विसरली नाहीस आज. एकही नाही. आबाजींना असं जमलं असतं?"

मी विचार केला. तिच्या आबाजींना, माझ्या बाबांना, घड्याळाचे आकडे जागेवर बसवता आले नव्हते.

"मग तुझं तेच आहे कशावरून?" ती म्हणाली. "दुसरंही काही असू शकतं."

वीस वर्षं लोकांना तपासणी करा, तपासणी करा म्हणत हिंडले होते मी. आम्ही दोघी पुढच्या सोमवारी बुलढाण्याला गेलो.

डॉक्टर साठीच्या बाई होत्या, आवाज खालचा, हाताला घाई नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, लसीचंही. ते सांगताना मी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी मला पाच शब्द दिले, मग वेगळंच काही बोलत बसल्या, मग शब्द परत विचारले. चार आले. घड्याळ काढायला लावलं. आकडे जागेवर बसले. मग त्यांनी कंपन तपासायचा लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, टेबलावर आपटून माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. "झिणझिण लागते?"

"नाही."

त्यांनी घोट्याला टेकवला. तिथेही नाही. गुडघ्याला लागली.

"जीभ दाखवा." मी दाखवली. "जळते?"

"हो. पण मी डोक्यासाठी आले आहे, बाई."

"मीही डोक्याचंच पाहतेय," त्या म्हणाल्या. "जेवता काय?"

मांस-अंडं आमच्या घरात नव्हतंच. दूध मी सोडलं होतं, कारण पहाटेच्या बसला दूध तापवायला वेळ नसायचा. कोरा चहा, भाकरी, भाजी. आणि ती गोळी. गोळीचं ऐकल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. किती वर्षं, विचारलं. मी सांगितल्यावर त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, चुकलेल्या नर्सकडे डॉक्टरने पाहावं तशा.

मुलीने तेव्हा वही काढली. चौकोन-गोलांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. मला लाज वाटली, पण बाईंनी चष्मा लावून ते पान नीट पाहिलं.

"चांगलं काढलंयस," त्या म्हणाल्या. "आजोबांना कितव्या वर्षी सुरू झालं? त्यांच्या बहिणीला?"

"दोघांना सत्तरीनंतर."

"हे महत्त्वाचं. काही थोडी घरं अशी असतात, जिथे एकच बिघडलेला जीन पिढ्यान्‌पिढ्या जातो, आणि चाळिशी-पन्नाशीतच आजार येतो. त्या घरात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तू काढलेलं चित्र त्या घरांसाठी आहे. तुमचं घर तसं दिसत नाही. सत्तरीनंतर येणाऱ्या आजारात जीन असतो, पण तो हुकूम सोडत नाही. एक जीन आहे, त्याचा एक प्रकार असला की धोका वाढतो. आईकडून एक, वडिलांकडून एक, दोन्ही तसेच आले तर आणखी वाढतो. आजार झाला तर घसरण कोणाची लवकर, कोणाची सावकाश, यातही घराण्याचा वाटा असावा. पण तो प्रकार असूनही नव्वदीपर्यंत शाबूत असलेली माणसं आहेत. आणि नसूनही आजार झालेली आहेत. धोका आणि नशीब यांत फरक आहे, बाळ."

"त्याची तपासणी होते ना?" मुलीने विचारलं.

"होते. रक्त मुंबईला पाठवावं लागेल. पण आधी सांग, उत्तर आलं तर तू काय करशील?"

मुलीने वही मिटली. बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. "विचार कर. घाई नाही. तुझ्या आईचं आज जे चाललंय त्याला ती तपासणी लागत नाही. त्याला साधी तपासणी लागते." आणि त्यांनी रक्ताची चिठ्ठी लिहिली.

निकालाला तीन दिवस लागले. गुरुवारी मी आणि मुलगी परत गेलो. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. बी-बारा इतकं कमी होतं की बोट ठेवून त्यांनी तो आकडा मला दोनदा दाखवला. थायरॉइड ठीक होतं.

"पायाच्या मुंग्या, जीभ, धाप, विसरणं, सगळं याचंच आहे असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं घ्या. ती गोळी बंद करा, तिने बी-बारा अंगी लागत नाही; पोटाचं मी पाहते. तीन महिन्यांनी या. आणि एक गोष्ट खरी सांगते. तुम्हाला सत्तरीनंतर वडिलांसारखं होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. पण आज तुम्हाला ते नाही."

आज तुम्हाला ते नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. उठले, दारापर्यंत गेले, आणि बाहेरच्या बाकावर बसून हसायला लागले. हसताना रडूही येत होतं. बाकावरचा एक म्हातारा बुवा आपल्या बायकोला म्हणाला, "पाह्य, हिचं काहीतरी बरं झालं." मुलगी माझ्या शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"वीस वर्षं पोरीबाळींना रक्तवाढीच्या गोळ्या खा, गोळ्या खा म्हणून ओरडतेय मी," मी म्हटलं. "आणि माझ्याच अंगात नाही!"

"तू कधी कोणाला जीभ दाखवलीस?" ती म्हणाली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात मी दुधाचा चहा मागितला. दोन कप. साय आलेली, वेलदोडा घातलेला. इतका चांगला चहा मी कधी प्यायले नव्हते. मुलगी होस्टेलला गेली आणि मी एकटी बसमध्ये बसले. राजूर घाट उतरताना वळणावळणांवर सगळे दांड्यांना धरून होते, आणि मी गाढ झोपले होते. शेजारच्या बाईने मला मोताळ्याला हलवून विचारलं, उतरायचं आहे का. कितीतरी महिन्यांनी मला अशी झोप लागली होती.

घरी जाऊन मी आमच्या यांना सगळं एका दमात सांगितलं, सिरिंजचं, चिठ्ठ्यांचं, वहीचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि पेलाभर दूध तापवून माझ्यापुढे ठेवलं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत रोज पहाटे माझ्याआधी उठून ते दूध त्यांनीच तापवलं.

दीड-दोन महिन्यांत धाप गेली. जीभ त्याआधीच शांत झाली होती. मुंग्या जायला वर्ष लागलं. विसरणं कधी गेलं ते मात्र मला सांगता येत नाही. एक दिवस दप्तर भरताना लक्षात आलं की कितीतरी दिवसांत चिठ्ठी लिहिलेली नाही. आशाताईचं "झालं" मात्र मी सुरूच ठेवलं. ती पद्धत चांगलीच होती.

दादाला कळलं तेव्हा तो वहिनीला घेऊन थेट सोनाळ्याला आला. "मले बी ते इंजेक्शन दे."

"आधी रक्त तपास," मी म्हटलं. त्याने तपासलं. सगळं भरपूर होतं. त्याची जरा निराशाच झाली. "मंग मी काऊन विसरतो? परवा तुह्या वहिनीनं भाजी सांगतली, मी नुसताच आलो."

वहिनी शेजारीच होती. "तुमी विसरत नाई. तुमी ऐकतच नाई."

दादा हसला. अकोल्याच्या त्या टपरीनंतर मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. वर्ष तसंच वाईट चाललं होतं, अर्धी कपाशी उपटून त्याने मधली तूर तेवढी ठेवली होती, पण डोक्यावरचं एक ओझं तरी उतरलं होतं. रात्रंदिवस तोही नावं पाठ म्हणत होता, हे वहिनीने मला नंतर सांगितलं.

बाबांसाठी मात्र असं कुठलं इंजेक्शन नव्हतं. त्यांचं रक्त आम्ही आधीच तपासलेलं होतं. ते हळूहळू उतरत गेले. आत्यासारखे ते भटकले नाहीत, त्यांचा स्वभाव उलट मऊ झाला. दादाने त्यांना ओसरीत एक टोपलंभर सरकी दिली होती, साधी, औषध न लावलेली. ते दिवसभर ती निवडत. चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी वहिनी दोन्ही ढीग एकत्र करायची. सकाळी बाबा पुन्हा मन लावून बसायचे. निवड मात्र चुकत नव्हती.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी ड्युटीवरून परस्पर माहेरी गेले, पांढऱ्या साडीतच. रक्तदाब मोजायला त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला समजलं की ते मला ओळखत नाहीत.

"तुमी सिस्टर आहा का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माही पोरगी बी सिस्टरच आहे. सोनाळ्याकडं."

माझ्या हातातला फुगा तसाच राहिला. "कशी आहे हो ती?" मी विचारलं.

"लय हुशार," बाबा म्हणाले. "तिच्या हाताची सुई दुखत नाई. लोक सांगतात." मग जरा जवळ सरकून, हळूच: "तुमाले भेटली तं तिले सांगा, बाप मजेत आहे म्हना. तिले फिकिर लय."

"सांगते," मी म्हटलं. पट्टा फुगवला आणि पारा पाहिला. रक्तदाब चांगला होता.

पावसाळ्यात ते गेले, झोपेत. मला रडू आलं, पण बोच नव्हती. निरोप माझ्यापर्यंत पोचला होता.

मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते, तिला एक मुलगा आहे. ती तपासणी तिने केली नाही. लग्न ठरताना नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं होतं, "तुमच्याकडे म्हणे डोक्याचं काही आहे?" कोणीतरी सांगितलं असणार. मी आधीच ठरवून गेले होते, लपवायचं नाही. म्हटलं, "आहे. माझ्या वडिलांना होतं, आत्याला होतं. मला नाही, पुढचं माहीत नाही." त्या बाई थोडा वेळ पानदानाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं साखर आहे. सासऱ्याले होती, आमच्या यायले आहे, मले बी आहे. तुमी विचारलं नाई, पण सांगून ठेवते." आणि त्यांनी चहा बिनसाखरेचा मागवला. माझ्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. सासू म्हणून तिला ती तिथेच आवडली, असं ती अजून सांगते.

आता मी निवृत्त आहे, साठी ओलांडून काही वर्षं झाली. वर्षातून एकदा बुलढाण्याला जाते. त्या बाई आता दवाखान्यात बसत नाहीत, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आहे, तीही तसाच चिमटा पायाला लावते आणि पाच शब्द देते. गेल्या महिन्यात दिले, मग ती माझ्याशी उन्हाबद्दल आणि आंब्यांबद्दल बोलत बसली, मग विचारले. पाचही आले, तिने दिले त्याच क्रमाने.

"पुढच्या वर्षी या," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं, कागद घेतला आणि खाली बाजारात भाजी पाहायला गेले.